बाधा, निदान आणि उपाय

होळीच्या सुमारास भोकरदनहून धाडमार्गे बुलढाण्याकडे ज्यांचे जाणे झाले असेल, त्यांनी सैलानीच्या यात्रेला निघालेल्या जीपगाड्या पाहिल्याच असतील. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांची माणसे जातात, नारळांची होळी पेटते. पुष्कळ मंडळी नवस फेडायला जातात. काही मात्र आपल्या घरातील एका माणसाला घेऊन जातात. त्या माणसाला गाडीत मध्ये बसवलेले असते आणि दोन्ही बाजूंना दोन धट्टेकट्टे नातलग असतात. काय झाले म्हणून विचारले, तर "याला बाहेरचं झालंय" एवढेच उत्तर मिळते.

आजच्या विषयाला आम्ही या गाडीपासूनच सुरुवात करतो, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही हे आधीच सांगून टाकतो. घरातले माणूस रात्ररात्र जागते, भलतेच बोलते किंवा बोलतच नाही, तेव्हा घरच्यांची जी तारांबळ उडते ती ज्याने एकदा पाहिली आहे त्याला हसू येणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. 'बाहेरचं' हा एकच शब्द आपण चार-पाच निरनिराळ्या आजारांना लावतो, आणि शब्द एक म्हणून उपायही एकच करतो. वैद्यकात निदान म्हणतात ते वस्तुतः दुसरे काही नसून हे गुंतलेले धागे वेगळे करणे होय.

तर त्या गाडीत कोणाकोणाला बसवलेले असते ते पाहू. एखाद्या मुलाला फेफरे येत असते. हा मनाचा आजारच नव्हे. मेंदूतील विजेचा व्यवहार क्षणभर बिघडतो, एवढेच. नेमाने गोळ्या घेतल्या तर बहुतेकांचे झटके थांबतात. दुसरी एखादी नुकती बाळंत झालेली सून असते. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत तिची झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, हे मूल माझे नव्हेच असे ती म्हणू लागते. "ओलीला हवा लागली" असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही श्रोत्यांना हात जोडून सांगतो की येथे एक दिवसही दवडू नये. तिच्या आणि मुलाच्याही जिवाला धोका असतो, आणि वेळीच उपचार झाले तर याच बाया अगदी पूर्ववत होतात.

तिसरा असतो विशी-बाविशीचा तरुण. शिकायला म्हणून शहरात गेलेला, परत आलेला, खोलीचे दार लावून बसणारा. त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, जेवणात काही कालवले आहे असा संशय येतो, एकटाच हसतो. याला छिन्नमनस्कता म्हणतात. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी अशा माणसाला कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा रुग्णांना देऊन पाहण्यात आले आणि तेथून चित्र पालटले. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्याही एकवीस वर्षे आधी, १९३१ साली, कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडावर होणारा गुण छापून प्रसिद्ध केला होता. पुढे त्या मुळीतून रिसर्पीन काढले गेले आणि जगभर वापरलेही गेले. काही रुग्णांना ते फार उदास करी, शिवाय त्याहून बरी औषधे आली, म्हणून मनोविकारांसाठी ते मागे पडले. असो. आज या तरुणासाठी गोळ्या आहेत, आणि जो गोळी घेत नाही त्याच्यासाठी महिन्याला एकदा द्यावयाची सुईही आहे. मात्र आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका काळ जातो, तितके माणूस परत आणणे अवघड होते. दोन वर्षे देवऋषी, वर्षभर गंडेदोरे, आणि मग डॉक्टर, हा जो क्रम आहे त्याचे मोल त्या मुलाला पुढे जन्मभर मोजावे लागते.

खरे सांगायचे तर आमचा आजचा मुख्य रुग्ण त्या जीपमध्ये बसलेलाच नाही. तो आपल्यातच बसलेला आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तरी आपण त्याहून फार निराळे असू असे मानायला कारण नाही. शंभर प्रौढ माणसांत दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते. यांतले थोडे वेडे म्हणून ओळखले जाणारे. उरलेले उदासीनतेचे, चिंतेचे आणि व्यसनाचे.

हे लोक दवाखान्यात येत नाहीत असे मात्र नाही. येतात आणि शरीराची तक्रार सांगतात. या भागातली पंचेचाळिशीची एक बाई आमच्याकडे आली होती. हातपाय गळाल्यावानी होतात, डोक्यात मुंग्या आल्यावानी वाटतं, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही. पिशवीत कागदांचा हा गठ्ठा. रक्त तपासून झालेले, ईसीजी झालेला, सोनोग्राफी झालेली, आणि शक्तीच्या म्हणून सलाईनच्या बाटल्या किती लावल्या त्याचा हिशेब नाही. सारे कागद 'नॉर्मल' म्हणत होते. झोपेचे विचारले, तर म्हणाली, लागते, पण तीन वाजता डोळा उघडतो तो उघडतोच. सकाळी उठून चूल पेटवायची म्हटले की डोंगर वाटतो. दिवस कलला की जरा बरे. पूर्वी भजनाला जात होती, आता जावेसे वाटत नाही. किती दिवस? कापूस वेचणीपासून. म्हणजे पाच महिने.

एवढ्यात निदान झाले. ते यंत्राने झाले नाही, आणि होणारही नव्हते. येथे विचारणे हीच तपासणी. दोन प्रश्न मुख्य आहेत. मन सतत उदास असते काय, आणि ज्यात पूर्वी जीव रमे त्यात आता रमेनासा झाला आहे काय. यांपैकी एकाचे तरी उत्तर 'होय' असेल, ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, आपण निरुपयोगी आहोत ही भावना यांतले बरेच काही असेल, आणि त्यामुळे रोजचे काम अडत असेल, तर तो उदासीनतेचा आजार होय. थायरॉइडचा बिघाड, रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही असेच वाटू शकते, म्हणून त्या तपासण्या एकदा कराव्यात. दहा वेळा करू नयेत.

चिंतेच्या आजाराचीही तीच तऱ्हा. एकाएकी घाम फुटतो, श्वास कोंडतो, आता मरणार असे वाटते, दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. पहिल्या खेपेस हृदय तपासणे रास्तच; पण पाचव्यांदाही ईसीजी स्वच्छ आला तर तो भीतीचा झटका आहे, हे रोग्याला कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. हात पुन्हापुन्हा धुणारा, कडी दहादा पाहणारा मंत्रचळ हाही याच्या शेजारचाच आजार, आणि तोही औषधाने व सरावाने आटोक्यात येतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. पीक गेले, सावकार दारात उभा राहिला, मुलीचे लग्न मोडले, तर माणूस उदास होणारच. त्याला रोगी कशाला म्हणता? आम्हीही म्हणत नाही. दुःख हा रोग नव्हे आणि कर्जावर गोळी नाही. पण कर्जाच्या काळजीत जेव्हा झोप जाते, भूक जाते, बँकेत जाऊन कागद करण्याचीही उमेद राहत नाही, तेव्हा कर्जाच्या जोडीला आजारही आलेला असतो, आणि आजार हटल्याखेरीज कर्जाशी झुंजता येत नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, आपला जालना त्यात होता, त्यामागे हाच विचार होता.

याच ठिकाणी घरच्या माणसांनी एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारणारा भेटला म्हणून रडून मोकळे झालेले पुष्कळ लोक आम्ही पाहिले आहेत. उत्तर 'होय' आले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे, आणि फवारणीचे औषध घरातून हलवून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवावे. ती घडी टळली तर माणूस बहुधा वाचतो. रात्रीबेरात्री कोणी नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसला फोन फुकट लागतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठीत बोलता येते.

आता उपचार. उदासीनतेवरच्या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या नसतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, बेचैनी असा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. आमचे निम्मे अपयश या एका ओळीत आहे. रोगी पाच दिवस गोळी घेतो, त्रास तेवढा पदरात पडतो, गुण दिसत नाही, तो गोळ्या फेकून देतो. बरे वाटल्यावरही सहा-नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. या गोळ्यांची नशा चढत नाही. फक्त त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्यात. चटक लागते ती झोपेच्या गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच दुकानातून कागदाविना नेण्याची आपल्याला सवय.

गोळीखेरीज बोलण्याचाही उपचार आहे. तो मोठ्या पदव्यांवाचून देता येतो हे गोव्याने दाखवले. तेथील संगात या संस्थेने सामान्य स्थानिक माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत बसवले. सहा ते आठ भेटींत ते रोग्याला एवढेच करायला लावत: सोडून दिलेली कामे थोडी थोडी पुन्हा धरायची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा रोग्यांपैकी शेकडा ६४ जणांची उदासीनता हटली होती. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हा आकडा ३९ होता. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या उपक्रमाने असेच काम केले, तेव्हा उपचार घेणाऱ्या उदास माणसांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४ वरून २७ वर गेले. अमरावतीची कपाशी आणि आपली कपाशी यांत फार अंतर नाही.

'शॉक' या शब्दाला लोक भितात, म्हणून दोन शब्द. पराकोटीच्या उदासीनतेत, अन्नपाणी सोडलेल्या रोग्याला तो आजही जीवदान देतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही. त्याच कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे.

मग सैलानीला जाऊ नये काय? आम्ही असे म्हणणार नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तेथे २००८ पासून दर्ग्याच्या मुजावरांनी आणि मनोविकारतज्ज्ञांनी मिळून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालवला. मुजावर दुआ देतो आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतो. श्रद्धा सोडा म्हणून कोणाला सांगावे लागले नाही. लोक डॉक्टरकडे गेले, कारण ज्याच्यावर त्यांचा विश्वास होता त्यानेच पाठवले. आपल्या गावचा पुजारी, मौलवी, आशाताई, शाळेतले गुरुजी, औषधाचा दुकानदार यांनी एवढेच केले तरी पुष्कळ होईल.

जाणाऱ्यांसाठी शेवटी थोडी व्यवहाराची माहिती. सुरुवात गावच्या सरकारी दवाखान्यापासून करता येते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर भेटतात. जुने कागद सगळे न्यावेत, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेही न्यावीत, मग त्या आयुर्वेदाच्या असोत की कोणी महाराजांनी दिलेल्या. दारू, तंबाखू किती ते खरे सांगावे. रोग्याबरोबर रोज त्याच्या घरात राहणारे माणूस असावे; लांबचा शिकलेला पाहुणा नको. आणि निघण्याआधी घरात बसून एवढे आठवून ठेवावे की या माणसाला शेवटची शांत झोप कोणत्या महिन्यात लागली होती. डॉक्टर बहुधा तेथूनच विचारायला सुरुवात करतात.