रायपूरचं हॅलोविन? सुवा नाच बघा!

मंडळी, ३१ ऑक्टोबरला भोपळे आणि मुखवटे शोधत रायपुरात फिरणार असाल, तर जरा थांबा. दारोदार जाऊन काहीतरी मागून आणायचा इथला रिवाज त्याहून कितीतरी देखणा आहे. दिवाळीच्या आसपास बायका-मुली सुवा नाच घेऊन घरोघर येतात. टोपलीत धान, त्यावर मातीचा पोपट. टोपली मध्ये ठेवायची आणि भोवती वाकून, टाळ्या वाजवत गोल फिरायचं. वाद्य बहुधा नसतंच, टाळीचाच ताल! घरचे लोक तांदूळ, धान किंवा पैसे देतात. सुटे जवळ ठेवा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गौरा-गौरी, म्हणजे मातीचे शंकर-पार्वती, बसतात. सकाळी गाजतवाजत तळ्यावर विसर्जन. झोप गेली तरी चालेल, पण ही मिरवणूक चुकवू नका.

फिरायला पुरानी बस्ती आणि तिथला दूधाधारी मठ पायीच करा. मग बूढा तालाब, ज्याचं नाव आता विवेकानंद सरोवर. लहानपणी विवेकानंद काही काळ रायपुरात राहिले होते. संध्याकाळी तेलीबांधा तलाव. लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात! गर्दी फार, पण पाण्यावरचा वारा छान. मराठी गप्पांची तलफ आलीच, तर चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे.

१ नोव्हेंबर हा छत्तीसगड राज्याचा स्थापनादिन (२०००), तेव्हा राज्योत्सव असतो. मुक्काम लांबवता आला तर कार्तिक पौर्णिमेला खारून नदीवर महादेव घाटाचा पुन्नी मेला गाठा. पहाटेच जा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.