कागदावरचा शब्द आणि दुखणारा कान

गेल्या महिन्यात पिशोरकडची एक आई १९ वर्षांच्या मुलाला घेऊन कन्नडच्या माझ्या दवाखान्यात आली. आठवडाभर तो स्वतःच्या डाव्या कानावर चापट्या मारीत होता, जेवत नव्हता. तिने पिशवीतून जुना कागद काढला. ‘मतिमंद. चिडखोर. मारून घेतो.’ आधी दोन ठिकाणी तो कागद वाचूनच झोपेच्या गोळ्या मिळाल्या होत्या. मी कानात पाहिले, तर पू. औषध दिले, पाचव्या दिवशी पोरगा भाकरी मागू लागला.

सांगायला संकोच वाटतो, पण तो कागद माझ्याच अक्षरातला होता, १२ वर्षांपूर्वीचा.

आम्हा डॉक्टरांच्या शब्दांचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’, ‘मोरॉन’ या आजच्या शिव्या. एके काळी वैद्यकाच्या पुस्तकांत त्या बुद्ध्यंकाच्या पायऱ्या होत्या. १९१२ च्या आपल्या कायद्याने तर ‘इडियट’ला वेड्यांतच मोजले. २०१६ च्या कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आहे. (बुद्धी चांगली असूनही लिहिता-वाचताना अडखळणाऱ्या मुलाची नोंद त्यात वेगळी आहे. आपण मात्र दोघांनाही ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.)

शब्दाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी १९९४ साल आठवावे. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण आजाराचे नव्हते. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, एवढेच होते. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा हे थांबले. ‘मतिमंद’ म्हटल्यावर त्या मुलींना विचारायचे असते, हेच कोणाला सुचले नाही.

तेव्हा आई-वडिलांनो, मुलाचे वागणे एकाएकी बदलले, तर आधी दात, कान, पोट, लघवी तपासून घ्या. शौचाला होते का, झटका येऊन गेला का, तेही डॉक्टरांना सांगा. ‘तो असाच असायचा’ हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. आणि ‘कुठे दुखते?’ हा प्रश्न डॉक्टरांना मुलालाच विचारू द्या. बोलता आले नाही, तरी बोट दाखवता येते.

मी नवा कागद लिहून दिला: ‘बौद्धिक अक्षमता. दुखले की तिथे मारतो. हाताने जेवतो. सुई टोचण्याआधी दाखवावी.’ आईने तो घडी घालून ठेवला. जुना फाडू का, विचारले, तर म्हणाली, “राहू द्या डॉक्टरसाहेब, दाखल्याला लागंल.”