छात्रालयाची चूल

महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास आपण कोनशिलांवर वाचतो. गरिबाच्या मुलाच्या बाजूने तो चुलीपासून सुरू होतो. गावातली शाळा संपली की पुढे तालुक्याला राहायचं, मग खायचं काय? या एका प्रश्नापाशी किती जणांची पाटी फुटली.

जुन्या काळी वार लावून जेवायची सोय होती. सात दिवसांची सात घरं. पण ती घरं बहुतेक ब्राह्मणांची आणि वारही त्यांच्याच मुलांना. भिल्ल, पावरा, महार, मांग मुलाचं पान कोण मांडणार? राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याच्या छात्रालयात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांना जेवू घालताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं. पुढे आला मुष्टिफंड: घरच्या बाईने स्वयंपाकाच्या धान्यातली एक मूठ परक्या मुलांसाठी बाजूला काढायची. मला ही मूठ मोठमोठ्या देणग्यांहून थोर वाटते, कारण तीत रोजची आठवण आहे.

खानदेशात परक्या मुलांविषयीची ही ओढ अमळनेरला दिसते. शिकताना स्वतः उपासमार सोसलेले साने गुरुजी 1924 मध्ये तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालय हाती आल्यावर ते मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत आणि रात्री जागून हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली.

‘खायचं काय?’ हा प्रश्न अजून सुटलेला नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली आदिवासी मुलं आजही वसतिगृहाच्या आधारानेच शिकतात. 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं धोरण आलं, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांना शिजलेलं अन्न हवं होतं. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पैसे उशिरा आले म्हणून भूक थांबत नाही.

शाळेतला पोषण आहार दुपारचा. सकाळचे तास मात्र उपाशीच जातात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नाश्त्याची शिफारस आहे, तमिळनाडूने 2022 पासून प्राथमिक शाळांत तो सुरूही केला. आपण सरकारची वाट पाहत बसू नये. थंडी पडली की जळगावकडच्या मळ्यामळ्यांतून भरताच्या पार्ट्या झडतात. काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याच्या पुऱ्या तळायच्या, शे-दोनशे माणसं सहज जेवून जातात. प्रत्येक पार्टीत पानामागे थोडी वर्गणी काढली, तर जवळच्या वसतिगृहाचा, शाळेचा हिवाळ्यातला नाश्ता निघेल. हंगामही जुळतो: मळ्यात भरताची वांगी निघतात त्याच महिन्यांत चाळीसगाव, साक्रीकडची कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात आणि मागे राहिलेल्या मुलांना सकाळी चहा-भाकरी देणारं घरात कुणी नसतं.