मागे राहणाऱ्यांचा हिशोब

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या चिपळूणच्या घरी पाहुणे येतात, तेव्हा निम्म्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. यंदा मुंब्र्याहून एक तरुण जोडपं आलं होतं, लांबच्या नात्यातलं. चहा संपायच्या आत नवऱ्यानं विषय काढला. "चाची, आम्हीही मुंब्रा सोडून इकडं यायचं म्हणतोय. हवा चांगली, भाडं कमी, मुलं मोकळी खेळतील. फक्त अम्मी-अब्बांना सोडून यायचं जिवावर येतंय. तुम्ही कसं ठरवलंत?" बायको काहीच बोलली नाही. बशीतल्या नानखटाईचे तुकडे करत बसली.

तासाभरात त्यांची गाडी होती. बोलणं अर्धवटच राहिलं. उरलेलं इथं लिहितो आहोत.

आम्हा कोकणी मुसलमानांना गाव सोडून जाणं नवं नाही. कुणाचे पणजोबा जहाजावर, कुणाचे आजोबा मुंबईच्या गोदीत, त्यानंतरची पिढी कुवेत, दुबई, सौदीला. पार केपटाऊनपर्यंत कोकणी घराणी पोचली आणि तिथलीच झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही खाडीकाठच्या मोहल्ल्यात जा, गल्फच्या पैशांतून बांधलेले दुमजली बंगले दिसतील आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या बारा महिने बंद. पण त्या जाण्याची एक रीत होती. पुरुष एकटा जायचा आणि घर जागेवर राहायचं. आई-बाप, बायको, मुलं, म्हशी सगळं तिथंच. आता घरच उचललं जातं. म्हणून आजच्या निर्णयाला बापजाद्यांचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही.

आमचे सासरे, म्हणजे अब्बा, आधी डोंगरीत राहायचे. 1992-93 च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं मुंब्र्याला आली, त्यांत तेही आले. आमचा संसार तिथंच उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, पहिल्यावर अब्बा-अम्मी आणि थोरले दीर-जाऊ. भाईजान आणि भाभी. शाळेतून यायला उशीर झाला तर मुलं भाभीकडे जेवलेली असायची. रमजानमध्ये जिन्यातून ताटांची नुसती ये-जा. भांडणंही व्हायची, पाण्याच्या मोटरवरून तर नेमानं व्हायची. पण कुलूप कधी लावावं लागलं नाही.

मुलाला दम्याचा त्रास चौथ्या वर्षापासून. खाली रस्त्याची धूळ, बायपासवर रात्रंदिवस अवजड ट्रक, शेजारी कुठं ना कुठं इमारतीचं काम. थंडीत आठवड्यातल्या दोन-तीन रात्री वाफ द्यायचं मशीन लावून बसायचो. उशीवर डोकं टेकलं की त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण धूर आणि धूळ जितकी टाळता येईल तितकी टाळा. मुंब्र्यात ती टाळायची कुठं? सुट्टीत गावी आलो की मात्र त्याचा पंप पिशवीतच राहायचा.

2019 च्या मार्चमध्ये ह्यांनी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. फायद्यात मुलाची तब्येत, दोन खोल्यांऐवजी चार खोल्या, कमी भाडं, ह्यांचं स्वतःचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान. तोट्यात अनुदानित उर्दू हायस्कुलातली कायमची नोकरी सोडावी लागणार आणि इकडं विनाअनुदानित शाळेत निम्म्या पगारावर शिकवावं लागणार, मुलांची चुलत भावंडं सुटणार, अम्मी-अब्बा लांब राहणार. आठवडाभर त्या वहीकडे बघत होतो. फार प्रामाणिक हिशोब मांडला आहे असं वाटत होतं.

मग एका रविवारी खाली जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "विचारायला आलात की सांगायला?"

चिपळूणच्या घराची अनामत आम्ही आदल्याच आठवड्यात भरली होती. उत्तर द्यायला जागाच नव्हती. अब्बाच थोड्या वेळानं म्हणाले, "जा. पोराचा श्वास मोकळा झाला पाहिजे." भाईजान मात्र उठून आत गेले. त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याशी कामापुरतंच बोलले. ईदचा सलामसुद्धा भाभीच्या फोनवरून यायचा.

मुलाचा श्वास मोकळा झाला का? झाला, अल्हम्दुलिल्लाह, पण आम्ही समजलो होतो तितक्या सहज नाही. कोकणचा पावसाळा दमेकऱ्याला सोपा नसतो. पहिल्याच जुलैत भिंतींना बुरशी आली आणि पंप पुन्हा बाहेर काढावा लागला. मग चुना, उन्हं दिसली की गाद्या अंगणात, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे. दुसऱ्या वर्षापासून रात्री सलग झोप लागू लागली. आठवीत तो शाळेच्या चारशे मीटरच्या शर्यतीत धावला. पाचवा आला. आम्ही मैदानावर रडत होतो आणि इतर पालकांना वाटलं, नंबर आला नाही म्हणून रडतात.

पहिला रमजान मात्र आठवला तरी नको वाटतं. दस्तरखानावर चारच माणसं. अब्बांशी दर जुम्याला व्हिडिओ कॉल व्हायचा. ते फोन सवयीनं कानाला लावायचे, त्यामुळं आम्हाला पडद्यावर फक्त त्यांचा कान दिसायचा. मुलं हसायची. आज त्या कानासाठी जीव तुटतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आमचं घर उंचावर, ते वाचलं. दुकान छतापर्यंत बुडालं. गिऱ्हाइकांचे सतरा फ्रीज चिखलात उताणे पडले होते. पाणी ओसरल्यावर कोकणातल्या, मुंबईतल्या अनेक जमातींची, मंडळांची मदत आली. आमच्या दारात एक टेम्पो थांबला आणि त्यातून भाईजान उतरले. चटया, तांदूळ, फिनेल, फावडी. एक शब्द न बोलता पँट दुमडून चिखल उपसायला लागले. नातं सांभाळणारा म्हणजे बरोबरीनं परतफेड करणारा नव्हे, समोरच्यानं तोडलं तरी जोडणारा, अशा अर्थाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. आम्ही ती त्या दिवशी फावडं हातात घेतलेली पाहिली.

तरीही आमच्या हिशोबातली खरी चूक आम्हाला अजून दिसली नव्हती.

त्याच वर्षाच्या शेवटी अब्बांची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. जाणं-येणं, रिक्षा, नंबर लागेपर्यंतची वाट, परतल्यावर येणारी गळून गेल्यासारखी थकवी, मोजूनमापून द्यायचं पाणी, बिनमिठाचं वेगळं जेवण. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस पुरते त्यातच. भाईजान नोकरीवर. अम्मींचे गुडघे गेलेले. नेणारी-आणणारी एकटी भाभी. आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला अर्धा खर्च पाठवायचो, एकदाही चुकलो नाही. आपला वाटा उचलला, असं मनाला समाधान होतं.

2022 च्या मे महिन्यात मुंब्र्याला गेलो. स्वयंपाकघरात भाभी पोळ्या लाटत होती. बोलता बोलता, आवाजही न चढवता म्हणाली, "पैसे वेळेवर येतात गं. पण रिक्षात अब्बांच्या शेजारी पैसे बसत नाहीत."

रात्री ती जुनी वही आठवली. डाव्या रकान्यात आम्ही होतो, उजव्या रकान्यातही आम्हीच होतो. आमचा पगार, आमची मुलं, आमचं आई-बापांपासून लांब जाणं. भाभीचं नाव कुठंच नव्हतं. जो जातो तो आपलं कमावलेलं आणि गमावलेलं नीट मोजतो. त्याच्या जाण्यानं कुणाच्या डोक्यावर किती ओझं वाढलं, ते मात्र मोजायचं राहून जातं. आणि ते ओझं बहुतेक घरांत एखाद्या सुनेच्याच डोक्यावर येतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण आपल्याकडे ती झाकून ठेवली जाते. आई-वडिलांची सेवा ही मुलांची जबाबदारी आहे. उलेमा सांगतात की सासू-सासऱ्यांची सेवा शरियतनं सुनेवर लादलेली नाही. ती करते ती तिची नेकी, तिचा एहसान. पण आपण त्याला रिवाज म्हणतो, आणि रिवाज म्हटलं की आभार मानायची गरज उरत नाही. दोन भावांतला एक भाऊ "चांगल्या जीवनासाठी" लांब जातो, तेव्हा तो आपली जबाबदारी भावाकडे सोपवतो असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ती भावजयीकडे जाते, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.

त्यानंतर आम्ही बदललो, उशिरा का होईना. दर महिन्याला एक आठवडा हे दुकान बंद ठेवून मुंब्र्याला जायला लागले. चिपळूणहून दिव्याची गाडी मिळते आणि दिवा म्हणजे मुंब्र्याचं पुढचंच स्टेशन, त्यामुळं जाणं जमायचं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी आम्ही सगळे तिथंच. गिऱ्हाइकं तुटली, दुकानाची कमाई घटली. पहिल्या आठवड्यात भाभी महाडला माहेरी जाऊन आली, दोन वर्षांनंतर पहिल्यांदा. आल्यावर म्हणाली, "चार दिवस नुसती झोपले."

2023 च्या जानेवारीत, फज्रनंतर, भाईजानचा फोन आला. अब्बा गेले. गाडी मिळून निघेपर्यंत आठ वाजले. महामार्गाची तेव्हाची दशा वाचकांना सांगायला नको. माणगावला अडकलो ते अडकलोच. भाईजाननं विचारलं, "अस्रपर्यंत थांबू का?" हे म्हणाले, "नको. मय्यतीला उशीर केलेला अब्बांना आवडायचा नाही." जोहरनंतर जनाजा उठला तेव्हा आम्ही पनवेलही गाठलं नव्हतं. तीन वाजता हे कब्रस्तानात पोचले. सगळे परतले होते. भाईजान एकटे बसले होते आणि त्यांनी कबरीशेजारी थोडीशी माती वेगळी राखून ठेवली होती. ह्यांनी तीन मुठी माती दिली.

मुलाचा श्वास आणि बापाचा जनाजा एका तराजूत घालता येतात का, हे आम्हाला आजही माहीत नाही. पुन्हा 2019 आलं तर आम्ही पुन्हा चिपळूणलाच येऊ, हे मात्र माहीत आहे. येण्याची पद्धत वेगळी असेल, एवढंच.

म्हणून त्या जोडप्याला आम्ही "या" किंवा "येऊ नका" असं सांगितलं नाही. त्यांच्या कारणांत नेमकं काय आहे, ते विचारलं. मोठा हॉल हवा आहे की पोराला औषधाशिवाय झोप हवी आहे? दोन्हीला आपण "चांगलं जीवन" म्हणतो, पण ती एका मापाची नाहीत. मुंब्र्यातली खोली लगेच विकू नका, वर्षभर भाड्यानं राहून एक पावसाळा काढून बघा, हेही सांगितलं. पुणे-ठाण्याकडे जायचं म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. आपलं नाव ऐकल्यावर घर द्यायला नकार येतो, हा अनुभव अनेकांना आहे. तिथं जाण्याआधी शेजार, मस्जिद, शाळा पायी फिरून बघा. नुसत्या फोटोंवर ठरवू नका.

आणि अनामत भरण्याआधी घरात विचारा. अब्बांना विचाराच, पण भावजयीलाही विचारा. समोर बसवून, महिन्यातले कुठले दिवस आमचे आणि कुठले तुमचे, असं ठरवून. हे ऐकल्यावर त्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. ती धाकटी सून आहे, मागे थोरली राहणार. नवरा घड्याळ बघत होता.

अम्मी आता पावसाळा मुंब्र्यात आणि थंडी आमच्याकडे काढतात. मुलगा यंदा दहावी पास झाला, आणि त्याला अकरावीला मुंब्र्याकडे जायचं आहे. चुलत भावंडांत, बडे अब्बांच्या घरी. ज्याच्यासाठी आम्ही सगळं सोडून इथं आलो, तोच तिकडं निघाला. छाती आता ठीक आहे, डॉक्टरांची हरकत नाही.

या वेळी फॉर्म भरण्याआधी भाभीला फोन केला. विचारायला केला होता, सांगायला नाही. तिनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "पाठवा. पण शनिवार-रविवार त्याचं जेवण त्यानं स्वतः करायचं आणि अम्मींचंही."

सध्या तो आमटी-भात शिकतो आहे. भात जमतो.