🛻 पिकअप उंच करायचाय? आधी हे वाचा

पावसात शेतरस्त्यावर गाडी रुतते म्हणून लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवायचा विचार आहे? जरा थांबा.

▪️ गाडी उंच झाली की भाजीचे क्रेट भरून वळताना कलंडायची भीती वाढते.
▪️ टायरचा घेर ५ टक्के वाढला, तर काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४२ ने पळते. ब्रेकवरही ताण येतो.
▪️ मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आड येतं. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

मग काय करायचं?
✅ गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्या. लोड इंडेक्सचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.
✅ हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.
✅ माल पासिंगइतकाच भरा. जड क्रेट खाली ठेवा.