नोटीस मेलवर येते अन् मुदत सुरू होते. संगणकावरची ‘घंटा’ चालू आहे का?

वाशिम : सोयाबीनचा हंगाम आहे. शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामासमोर ट्रॅक्टरची रांग लागली आहे, काट्यावर वजनं चालू आहेत, हमाल पोत्यांची थप्पी लावतायत. बाजूच्या खोलीत संगणकावर बिलं निघतायत. त्याच संगणकात कंपनीचा ई-मेलही आहे. पण तो उघडतो कधी? सीएचा फोन आला की. ‘अहो, मेलवर नोटीस येऊन पडली, बघितली नाही का?’ तोवर मुदतीतले चार-पाच दिवस निघून गेलेले असतात.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत कामाचा कागद आता पोस्टमनच्या पिशवीपेक्षा मेलवर जास्त येतो. जीएसटी, आयकर, कंपनी नोंदणी, बँक, अनुदानाचे पोर्टल, सगळीकडे फॉर्म भरताना ई-मेल आयडी मागतात. आपण तो देतो आणि विसरून जातो. अडचण तिथेच आहे. मोबाइल खिशात वाजतो, पण कार्यालयाचा मेल बहुतेक वेळा संगणकावर असतो आणि संगणक आपण सांगितल्याशिवाय काही बोलत नाही.

त्याला बोलतं करण्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला ‘मेल नोटिफायर’ म्हणतात. नवा मेल आला की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात छोटी पट्टी येते, कुणाचा मेल आहे आणि विषय काय तेवढं दिसतं, सोबत ‘टिंग’ असा आवाज होतो. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामावर कधीकधी नोंदणी टिकते किंवा जाते.

‘वाचला नाही’ हे कारण चालत नाही

आधी कायद्याचं समजून घेऊ. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक कागद ‘मिळाला’ असं कधी मानायचं ते सांगितलं आहे. तुम्ही एखादा मेल आयडी त्यासाठी ठरवून दिला असेल, तर कागद त्या खात्यात शिरला की तो मिळाला. तुम्ही तो उघडला की नाही, याला इथे महत्त्व नाही. घरच्या पेटीत पत्र पडलं, पण पेटी उघडली नाही, तरी पत्र पोचलंच, तसं.

जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्येही नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेलवर नोटीस पाठवणं ही ती बजावण्याची एक रीतसर पद्धत आहे. नोंदणी रद्द का करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तराला ७ कामकाजाचे दिवस मिळतात. आयकराच्या विवरणपत्रात खात्याला काही फरक आढळला आणि त्यांनी बदल सुचवला, तर उत्तरासाठी ३० दिवस असतात. सात दिवसांतले पाच दिवस कुणी मेलच उघडला नाही, तर हातात काय उरतं, हे वेगळं सांगायला नको.

कुत्र्याच्या नावाचा पहिला प्रोग्राम

ही गरज आजची नाही. अमेरिकेतल्या बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० मध्ये ‘बिफ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आला. तिथे एका मोठ्या संगणकावर अनेक जण काम करायचे. कुणाला नवा मेल आला की बिफ त्याच्या पडद्यावर तसं कळवायचा. हे नाव तिथल्याच एकीच्या कुत्र्याचं. पोस्टमन दिसला की तो भुंकायचा म्हणून ते नाव दिलं, अशी गोष्ट पुढे पसरली. ती खरी नाही, पण प्रोग्रामच्या कामाला इतकी चपखल बसली की आजही सांगितली जाते.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केलं. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि त्याच वर्षी गुगलने विंडोजसाठी स्वतःचा ‘जीमेल नोटिफायर’ दिला. घड्याळाशेजारी त्याचं छोटं पाकिटाचं चित्र बसायचं. पुढे तो बंद झाला. आता हेच काम ब्राउझर किंवा मेलचा प्रोग्राम करतो.

घंटा वाजते कशी?

मेल तुमच्या संगणकात थेट येत नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकावर जमा होतो. तो तिथे आला हे आपल्या संगणकाला दोन प्रकारे कळतं.

पहिला प्रकार म्हणजे दर थोड्या वेळाने विचारून येणं. नळाला पाणी येण्याची वेळ नक्की नसली की घरातलं कुणीतरी दर दहा मिनिटांनी तोटी फिरवून बघतं, तसंच. प्रोग्राम सर्व्हरला विचारतो, ‘नवीन काही आहे का?’ नसेल तर गप्प बसतो, असेल तर घंटा वाजवतो. अशा वेळी मेल आल्यावर कळायला काही मिनिटं उशीर होऊ शकतो.

दुसरा प्रकार म्हणजे निरोपाची वाट बघणं. शेजारीणच हाक मारते, ‘पाणी आलं हो!’ मग तोटी फिरवत बसायची गरज नाही. संगणक सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि मेल आला की सर्व्हरच कळवतो. ‘आयमॅप’ पद्धतीत ही सोय १९९७ पासून आहे. तिला ‘आयडल’ म्हणतात.

दोन्हीत एक अट सारखीच आहे. संगणक चालू हवा आणि नेट हवं. लाइट गेली, मोबाइलचं हॉटस्पॉट बंद झालं किंवा बिलं करणारा मुलगा फोन घेऊन जेवायला गेला, की घंटा मुकी. मेल मात्र तिकडे सर्व्हरवर पोचलेला असतो आणि दिवस मोजणं थांबत नाही.

दोन सोपे मार्ग

पहिला मार्ग बिनखर्चाचा आहे. क्रोममध्ये जीमेल उघडा. वरच्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘सी ऑल सेटिंग्ज’ मध्ये जा. ‘जनरल’ या भागात खाली ‘डेस्कटॉप नोटिफिकेशन्स’ सापडेल. तिथे ‘न्यू मेल नोटिफिकेशन्स ऑन’ निवडा. ब्राउझरने परवानगी मागितली तर ती द्या आणि पानाच्या तळाशी ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. बरेच जण हे शेवटचं बटण विसरतात आणि मग ‘होत नाही’ म्हणतात. लक्षात ठेवा, जीमेलचं पान ब्राउझरमध्ये उघडं असेल तरच घंटा वाजेल. पान बंद केलं की संपलं.

दुसरा मार्ग दिवसभर संगणकावर काम चालणाऱ्या कार्यालयांसाठी बरा. ‘थंडरबर्ड’ हा मोझिलाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात एकापेक्षा जास्त खाती जोडता येतात. कंपनीचं एक, अध्यक्षांचं एक, असं. नवा मेल आल्यावर पट्टी दाखवायची की आवाज करायचा की दोन्ही, हे त्यात ठरवता येतं. तो मुळात दर १० मिनिटांनी मेल तपासतो, हा वेळ आपण कमी करू शकतो. प्रोग्राम पूर्ण बंद न करता खाली घड्याळाशेजारी ठेवायची सोयही आहे.

विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या ‘मेल’ ॲपवर जे अवलंबून होते त्यांच्यासाठी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ पासून त्याची साथ थांबवली आणि लोकांना नव्या ‘आउटलुक’ कडे वळवलं. ‘आधी आवाज यायचा, आता येत नाही’ याचं कारण अनेकदा हेच निघतं.

वाजत नसेल तर काय बघायचं?

सगळं केलं आणि तरी पट्टी येत नाही? आधी विंडोजच्या ‘सेटिंग्ज’ मधलं ‘सिस्टिम’ आणि त्यातलं ‘नोटिफिकेशन्स’ बघा. ते बंद असेल तर कुठलाच प्रोग्राम काही दाखवू शकत नाही. त्याच ठिकाणी ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतं. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ लावला किंवा प्रोजेक्टरला संगणक जोडला, तर ते आपोआप चालू होऊ शकतं. मासिक सभेत प्रोजेक्टर लावला असताना आलेला मेल असाच मुकाट्याने मागे पडतो.

दुसरं, स्पॅम. चुकून स्पॅममध्ये गेलेल्या मेलची घंटा वाजत नाही आणि जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसतं. म्हणून आठवड्यातून एकदा तिथे डोकवावं. ज्या सरकारी पत्त्यांवरून नेहमी मेल येतात त्यांच्यासाठी फिल्टर करून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ वर खूण करावी.

तिसरं, जागा. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. कंपनीचा आयडी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये टाकला आणि त्या मोबाइलमधले लग्नाचे, पिकाचे, नातवंडांचे सगळे फोटो त्यात चढत राहिले, तर जागा भरते. मग नवा मेल येतच नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. घंटेचा प्रश्नच राहत नाही.

चौथं, आयडी कुणाचा? आपल्याकडे बऱ्याच जणांचे मेल सेवा केंद्रावरच उघडले गेले. पासवर्ड कुठल्या तरी डायरीत, ती डायरी कुठे ते माहीत नाही. कंपनीचे संचालक बदलले, पण नोंदणीत मेल जुन्या संचालकाचाच राहिला, असंही होतं. मग घंटा वाजते, पण दुसऱ्याच्या घरात. जीएसटी आणि आयकराच्या पोर्टलवर आपला कोणता मेल नोंदलेला आहे, हे आजच बघून घ्यावं. चुकीचा असेल तर बदलून घ्यावा.

खोटी घंटाही ओळखा

कोपऱ्यात येणारी प्रत्येक पट्टी मेलची नसते. एखाद्या वेबसाइटवर गेल्यावर ‘अलाउ’ असं विचारलं जातं, आपण न वाचता दाबतो. मग ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’, ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ अशा पट्ट्या दिवसभर येत राहतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या वेबसाइटची परवानगी काढून टाकली की त्या थांबतात.

पट्टीवर ‘इन्कम टॅक्स नोटीस’ लिहिलं म्हणून घाबरून आतल्या लिंकवर क्लिक करू नये. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचावा. शक्यतो लिंक न दाबता स्वतः पोर्टल उघडून तिथे नोटीस आहे का ते बघावं. आयकर खात्याच्या पत्रव्यवहारावर १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्त ओळख क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे आयकराच्या पोर्टलवर तपासता येतं.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अनोळखी नोटिफायरमध्ये मेलचा पासवर्ड टाकणंही धोक्याचं. गुगलने २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत येऊ देणं बंद केलं. त्यामुळे जुने नोटिफायर तसेही चालत नाहीत. आता गुगलचंच पान उघडतं आणि तिथे परवानगी द्यावी लागते. जो प्रोग्राम स्वतःच्याच चौकटीत पासवर्ड मागतो, त्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं.

घंटेनंतर वही

सगळं जमवल्यावर एक चाचणी करा. स्वतःच्या मोबाइलवरून कार्यालयाच्या आयडीवर एक मेल पाठवा आणि घड्याळ बघा. किती मिनिटांत पट्टी आली? आवाज खोलीभर ऐकू गेला का? लाइट जाऊन आल्यावर संगणक सुरू केला, तर घंटा परत आपोआप चालू होते की कुणाला तरी ती चालू करावी लागते? हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम माणसाचं. ग्रामपंचायतीत, सोसायटीत कागदासाठी आवक नोंदवही असते. टपाल आलं की तारीख, कुणाकडून, विषय आणि कुणाकडे दिलं, ते त्यात लिहितात. मेलसाठीही तशीच वही ठेवायला काय हरकत आहे? त्यात एक रकाना जास्त ठेवायचा, उत्तराची शेवटची तारीख. पट्टी पाच सेकंदांत निघून जाते, वहीतली ओळ राहते. आणि मेल बघणं कुणाचं काम, हे सभेत नाव घेऊन ठरवावं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

हंगामात काट्यावरून हलायला फुरसत नसते, हे खरं. पण दिवसातून दोनदा, सकाळी कार्यालय उघडल्यावर आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी, मेल बघून वहीत नोंद करायला दहा मिनिटं पुरतात. संगणकाची घंटा मधल्या वेळेसाठी आहे. ती लाइट आणि नेटवर चालते. मुदत मात्र दोन्ही नसतानाही चालूच असते.