सर डेव्हिड मन्रो : डॉक्टर, कुरणाचे धनी आणि सभापती

मेंढपाळ म्हटला म्हणजे खांद्यावर घोंगडी टाकून रानोमाळ हिंडणारा धनगर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. गेल्या शतकाच्या आधीच्या न्यूझीलंडमधील मेंढपाळ याहून निराळा. तो विस्तीर्ण कुरणाचा धनी असे. कळप राखणारे त्याचे पगारी नोकर. सर डेव्हिड मन्रो हे अशांपैकीच एक होते.

मन्रो घराणे एडिंबरोचे. १७२० पासून १८४६ पर्यंत तेथील विद्यापीठातील शारीरविद्येचे अध्यापकपद डेव्हिड यांचे पणजोबा, आजोबा व वडील यांनी ओळीने भूषविले. डेव्हिडही १८३५ साली एम्. डी. झाले. परंतु १८४२ मध्ये ते न्यूझीलंडमधील नेल्सन या नव्या वसाहतीत आले, आणि तेथे त्यांचे मन रोग्यांपेक्षा मेंढ्यांत अधिक रमले.

आता, मेंढ्यांना कुरण हवे आणि कुरणाला जमीन. ती आली कोठून? जवळच्या वायराऊ खोऱ्याची मोजणी न्यूझीलंड कंपनीने माओरी मालकांचा विरोध न जुमानता चालविली. जून १८४३ मध्ये चकमक होऊन बावीस गोरे व किमान चार माओरी प्राणास मुकले. नेल्सनकरांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी नेणाऱ्या दोघांत मन्रो होते. पुढच्याच वर्षी गव्हर्नर फिट्झरॉय यांनी मूळ चूक गोऱ्यांची ठरविली. तरीही १८४७ मध्ये गव्हर्नर ग्रे यांनी ते खोरे ३,००० पौंडांस खरेदी केले. त्या वेळी तेरौपराहा हा माओरींचा वजनदार सरदार चौकशीवाचून कैदेत होता. त्याच खोऱ्यात पुढे मन्रोंचे कळप चरू लागले.

१८५३ मध्ये ते तेथील पहिल्या लोकप्रतिनिधिगृहावर निवडून आले, १८६१ ते १८७० सभापती होते व १८६६ मध्ये ‘सर’ झाले. मताचा हक्क मात्र जमीनजुमल्यावर अवलंबून होता. माओरींची जमीन बहुतांशी सामायिक. म्हणून त्यांच्यापैकी फार थोडे मतदार ठरत. मन्रो सभापती असतानाच, १८६३ मध्ये, बंडखोर ठरविलेल्या माओरी टोळ्यांच्या जमिनी जप्त करण्याचा कायदा झाला. माओरींना गृहात चार जागा मिळाल्या त्या १८६७ साली.

१८७७ मध्ये मन्रो वारले. त्यांची विद्वत्ता व कर्तबगारी आम्ही नाकारीत नाही. परंतु गृहात बसलेल्यांना बोलण्याची पाळी नीट मिळाली, एवढ्यावरून लोकशाहीची परीक्षा होत नाही. ज्यांच्या जमिनीविषयी निर्णय व्हावयाचा, ते त्या गृहात आहेत की दाराबाहेर, हेही आपण विचारले पाहिजे.